दोन घोट पाणी आणि वाकलेला रॉड

पाऊस धरला की मोबाइलवर तेच व्हिडिओ फिरायला लागतात. कॉजवेवरून गढूळ पाणी वाहतंय, एक फोर बाय फोर त्यात घुसते, दोन्ही बाजूंना पाण्याचे पंख उडतात, मागे पोरं शिट्ट्या मारतात. डिसेंबर २०२३ मध्ये हिमाचलातल्या लाहौलला तर वाहतुकीची कोंडी चुकवायला एकाने थार थेट चंद्रा नदीत घातली होती. पोलिसांनी दंड केला, पण व्हिडिओ देशभर पाहिला गेला. असं काही दिसलं की कोणीतरी ज्ञान देतंच: "अरे डिझेल आहे, त्याला पाण्याचं काय? त्यात स्पार्क प्लगच नसतो."

माझ्या मावसभावाचंही हेच मत होतं. मागे एका जुलैत कोकणातला एक वहाळ ओलांडताना त्याची जीप मधोमध बंद पडली. ट्रॅक्टरने ओढून काढली आणि काठावर येताच पठ्ठ्याने सेल्फ मारला. एकदा नाही, पाच-सहा वेळा.

स्पार्क प्लगचं म्हणणं अर्धं खरं आहे आणि धोका त्या अर्ध्या खऱ्यातच आहे. पेट्रोल इंजिनाची, विशेषतः जुन्या गाड्यांची, ठिणगीची वायरिंग भिजली की इंजिन मुकाट्याने बंद पडतं. ते बंद पडणं ही एक प्रकारे गाडीची सुटका असते. डिझेलला ठिणगी लागत नाही, हवा नुसती दाबूनच इतकी तापते की त्यात फवारलेलं डिझेल पेट घेतं. त्यामुळे डिझेल इंजिन शेवटपर्यंत चालत राहतं आणि चालतं तोवर श्वास घेत राहतं. २.२ लिटरचं इंजिन २००० आरपीएमला फिरत असेल तर सेकंदाला सुमारे ३६ लिटर हवा ओढतं. टर्बोने हवा कोंबायला सुरुवात केली की त्याहूनही जास्त. त्या ओढीपुढे पाण्याची पातळी एअर फिल्टरच्या तोंडाशी आली, तर आत काय जाणार हे सांगायला नको. गाडी जोरात घातली की बॉनेटपुढे पाण्याचा फुगवटा उभा राहतो, म्हणजे गुडघाभर पाणीही इंजिनाला कमरेएवढं होतं. थारची कंपनी ६५० मिलिमीटर खोली सांगते, ती हळू जाणाऱ्या गाडीसाठी असते.

आता आकडेमोड. शाळेत रेशो शिकलेल्या कोणालाही ती जमेल. २.२ लिटरच्या चार सिलिंडरांत प्रत्येक पिस्टन साधारण ५४५ मिलिलिटर हवा खेचतो. कॉम्प्रेशन रेशो, म्हणजे हवा किती पट दाबली जाते तो आकडा, १६ धरला, तर पिस्टन पार वर पोचतो तेव्हा त्याच्या डोक्यावर जागा उरते फक्त ३६ मिलिलिटर. म्हणजे सोलकढीचे दोन घोट. एका सिलिंडरमध्ये एवढं पाणी शिरलं की पिस्टनला वर जायला जागाच नाही, कारण पाणी आकसत नाही. अगदी काटेकोर सांगायचं तर हवेच्या २२० पट दाब दिल्यावर ते जेमतेम १ टक्का आकसतं. यालाच हायड्रोलॉक म्हणतात.

पण दोन घोट लागतातच असंही नाही, आणि मला खरी गंमत वाटते ती इथे. समजा निम्मंच पाणी गेलं, १८ मिलिलिटर. इंजिन अडकणार नाही, फिरेल. पण आता तीच हवा उरलेल्या १८ मिलिलिटरमध्ये दाबायची आहे, म्हणजे रेशो १६ चा झाला ३१. एरवी ४० बारच्या (एक बार म्हणजे साधारण आपल्याभोवतीच्या हवेचा दाब) आसपास जाणारा दाब १०० बारच्या पुढे जातो, आणि हे डिझेल पेटण्याच्या आधी. हा सगळा भार पेलतो कनेक्टिंग रॉड, पिस्टनला क्रँकशी, म्हणजे इंजिनाच्या फिरत्या दांड्याशी, जोडणारा तो वीतभर लांबीचा पोलादी दांडा. एका बाजूला क्रँकबरोबर फिरणारं जड चाक, फ्लायव्हील, थांबायला तयार नाही, दुसऱ्या बाजूला पाणी हलायला तयार नाही. मधल्यामध्ये रॉड धनुष्यासारखा वाकतो.

सेल्फ मारणं वाईट ते यासाठी. नुसत्या स्टार्टरच्या जोरावर रॉड वाकेलच असं नाही, बहुतेकदा स्टार्टरच अडकतो. पण तीन सिलिंडरांनी पेट घेतला आणि चौथ्यात पाणी असलं, तर त्या तिघांचा जोर चौथ्याच्या रॉडवर येतो. चिपळूणला २२ जुलै २०२१ च्या पुरात किती गाड्या रात्रभर उभ्या-उभ्या बुडाल्या. त्यांचं इंजिन बंद होतं, म्हणजे ओढून पाणी घेतलं नव्हतं. गाळाने नुकसान झालं तरी किल्ली न फिरवता उपसलेल्या इंजिनाचे रॉड शाबूत राहू शकतात.

भावाची जीप एका गॅरेजने "सुकवून" दिली. फिल्टर बदलला, ऑइल बदललं, पुढच्या बंपरला मिरची-लिंबू बांधलं. (लिंबामुळे नुकसान झालं नाही एवढं मान्य.) गाडी चालायला लागली. फक्त सकाळी थंड इंजिनाला तटतट आवाज यायचा आणि सायलेन्सरमधून पांढरा धूर निघायचा. दहा मिनिटांत सगळं गप्प, म्हणून भावाने दुर्लक्ष केलं.

शेवटी तो एका जुन्या मिस्त्रींकडे गेला. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "दादा, पाण्यातून काढल्यावर सेल्फ किती वेळा मारलात?" मग चारही हीटर प्लग (थंड इंजिन सुरू करताना सिलिंडर तापवणारे) काढून एकेका सिलिंडरचं कॉम्प्रेशन मोजलं. तीन ठिकाणी २८ बारच्या आसपास, तिसऱ्या सिलिंडरमध्ये साडेतेवीस. इथे बहुतेक जण रिंगा गेल्या म्हणतात आणि इंजिन उघडतात. मिस्त्रींनी तसं केलं नाही. त्यांनी तो पिस्टन वर आणून, झडपा बंद असताना, हीटर प्लगच्या भोकातून कॉम्प्रेसरची हवा सोडली आणि कान लावला. सायलेन्सरमधून फुसफुस आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, एअर फिल्टरच्या बाजूने आली तर इनलेट, डिपस्टिकच्या भोकातून आली तर रिंगा, रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर हेड गॅस्केट. कुठूनच आली नाही.

दाब कमी, पण गळती नाही. मग हवा गेली कुठे? कुठेच नाही. रॉड वाकला की आखूड होतो, पिस्टन पूर्वीएवढा वर पोचत नाही आणि डोक्यावरची जागा वाढते. ८५ मिलिमीटर व्यासाच्या पिस्टनला नुसता १ मिलिमीटरचा फरक पडला, तरी ३६ ची जागा ४२ मिलिलिटर होते आणि रेशो १६ वरून १४ वर येतो. दाब या रेशोच्या साधारण १.३५ घाताने बदलतो, म्हणजे १६ टक्के घट. २८ चे साडेतेवीस, अगदी गेजवर दिसले तेवढे. तापमान बदलतं ०.३५ घाताने (केल्व्हिनमध्ये): ५२० अंश सेल्सिअसवरून ४८० च्या आसपास. गरम इंजिनात तेवढं पुरतं. पण पहाटे गार धातू त्यातली बरीच उष्णता खाऊन टाकतो, डिझेल उशिरा पेटतं म्हणून तटतट, आणि न जळलेल्या डिझेलची वाफ म्हणून पांढरा धूर. घातांक डोक्यावरून गेले तरी चालेल, दोन चाचण्यांचं एकमेकींशी न जुळणं तेवढं लक्षात ठेवा.

असा रॉड काही दिवसांतही तुटू शकतो आणि हजारो किलोमीटरनंतरही. तुटला की बहुधा ब्लॉक फोडून बाहेर येतो.

खरं तर हे सगळं काठावरच कळलं असतं. आधी फिल्टरचा डबा उघडायचा. तो कोरडा असेल तर इंजिनाने पाणी प्यालेलं नसण्याची शक्यता मोठी, मग वायरिंग आणि सेन्सर तपासायचे. ओला असेल तर डिपस्टिक बघायची, ऑइलचा दुधाळ चहा झालाय का. मग हीटर प्लग काढून, क्रँकच्या पुलीला पाना लावून इंजिन हाताने फिरवायचं. पाणी असलं तर भोकातून पिचकारी उडते आणि काही वाकत नाही. सायलेन्सरमधून पाणी शिरण्याची भीती मात्र, इंजिन चालू असेल तोवर, लोक उगाच बाळगतात. अर्धा मीटर पाण्याचा दाब ०.०५ बार, चालतं इंजिन तेवढं सहज ढकलतं. आणि स्नॉर्कल, म्हणजे उंचावरून हवा घेणारी नळी, बसवला म्हणजे पाणबुडी झाली असं नाही. फिल्टरच्या डब्याशी त्याचा जोड सैल असेल तर तो नुसता शोभेचा.

जीपचं हेड उतरलं तेव्हा तिसरा पिस्टन बाकीच्यांपेक्षा खाली थांबलेला नुसत्या डोळ्यांनी दिसत होता. बिल ऐकून भाऊ गप्प बसला. मिस्त्री मात्र गाडीखाली शिरले आणि मागच्या डिफरन्शियलचा (चाकांना ताकद वाटून देणारा गिअरचा डबा) खालचा बोल्ट सैल केला. ८० अंशांना तापलेलं डिफरन्शियल थंड वहाळात बुडालं की आतली हवा आकसते, दाब १४ टक्क्यांनी उतरतो आणि त्याची श्वासनळी (हवा आत-बाहेर जाऊ देणारी नळी) चिखलाने बुजलेली असेल तर पाणी ऑइल सीलमधून आत ओढलं जातं. पाणी तेलापेक्षा जड, म्हणून तळाशी बसतं. बोल्ट निघाला तेव्हा परातीत आधी वाटीभर गढूळ पाणी पडलं, मग तेल.