टक्कर-जोखीम प्रतिमान (सागरी ऊर्जा)

टक्कर-जोखीम प्रतिमान : भरती-ओहोटीच्या प्रवाहावर चालणाऱ्या टर्बाइनची पाती सील, पॉरपॉइज (डॉल्फिनसारखा लहान सागरी सस्तन प्राणी), बुड्या मारणारे पक्षी किंवा मासे यांना वर्षभरात किती वेळा लागू शकतील, याचा गणिताने बांधलेला अंदाज. यंत्र पाण्यात उतरवायला परवानगी द्यायची का, आणि किती यंत्रांना, हे ठरवताना त्याचा आधार घेतात.

या पद्धतींचा सर्वाधिक वापर स्कॉटलंडमध्ये झाला. तिथल्या पेंटलंड फर्थ या सामुद्रधुनीत प्रवाह अतिशय जोरदार आहे, आणि जवळच्या ऑर्कनी बेटांवर हार्बर सीलची संख्या २००० नंतर झपाट्याने घसरली आहे. अशा ठिकाणी दोन-चार सीलही मोलाचे ठरतात.

मुख्य पद्धती दोन. पहिली पवनचक्क्या आणि पक्षी यांच्यासाठी बिल बँड यांनी मांडलेल्या प्रतिमानावरून आली. पात्यांच्या वर्तुळातून किती प्राणी जातील हे आधी काढायचे आणि प्राणी एकदा पार होताना पाते लागण्याच्या शक्यतेने त्याला गुणायचे. त्या शक्यतेत प्राण्याची लांबी व वेग, पात्याची रुंदी आणि फिरण्याची गती येते. दुसरी पद्धत प्लवकांच्या (पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म जीवांच्या) अभ्यासातली आहे : पाते हा भक्षक, प्राणी हे भक्ष्य, आणि दोघांची गाठ किती वेळा पडेल ते मोजायचे. दोन्हींत प्राणी कोणत्या खोलीवर किती वेळ असतो हे लागतेच. हार्बर सील बहुधा तळाशी अन्न शोधतो आणि श्वासासाठी वर येतो. पाती फिरतात तो मधला थर तो बऱ्याचदा नुसता ओलांडतो. सील सगळ्या खोलींवर सारखे पसरलेले आहेत असे धरले, तर उत्तर चुकते.

खरा नाजूक आकडा पुढे येतो. वरील गणितात प्राणी आंधळेपणाने पोहतो असे धरलेले असते, म्हणून शेवटी ‘चुकवण्याचे प्रमाण’, म्हणजे प्राणी स्वतःहून किती टकरी टाळतो ते, लावतात. मूळ उत्तर १०० टकरी असेल, तर ९५ टक्के प्रमाण धरल्यास ५ उरतात, ९८ टक्के धरल्यास २, आणि ९९ टक्के धरल्यास १. यंत्र तेच, सील तेच. एका गृहीतकाने फरक पाचपट. हे प्रमाण टेबलाशी बसून ठरवता येत नाही, समुद्रातच मोजावे लागते.

उत्तर आयर्लंडच्या स्ट्रँगफर्ड लॉकमध्ये २००८ मध्ये बसवलेल्या १.२ मेगावॉटच्या ‘सीजेन’ या टर्बाइनवर सील जवळ आला की यंत्र थांबवत. काळजी योग्यच होती. पण त्यामुळे फिरत्या पात्यांच्या अगदी जवळ सील काय करतो, हे तिथे कळू शकले नाही. माग काढणारी खूणयंत्रे लावलेले सील मात्र त्या खाडीतून ये-जा करत राहिले आणि टर्बाइनपासून थोडे लांबून जाऊ लागले. पुढे पेंटलंड फर्थमधल्या ‘मेजेन’ प्रकल्पात, जिथे प्रत्येकी १.५ मेगावॉटची चार यंत्रे आहेत, टर्बाइनवर जलध्वनिग्राहक (पाण्यातला आवाज टिपणारी यंत्रे) बसवून पॉरपॉइजच्या टिकटिकीवरून त्यांचे मार्ग काढले गेले. पाती फिरत असताना पॉरपॉइज त्यांना अधिक चुकवतात, असे दिसले.

टक्कर म्हणजे मृत्यू, असेही धरता येत नाही. मृत सीलांवर पात्याच्या आकाराची वस्तू आदळवून केलेल्या चाचण्यांत कमी वेगाच्या आघाताने गंभीर इजा झाली नाही, जास्त वेगाच्या आघाताने झाली. पात्याचे टोक वेगवान आणि आसाजवळचा भाग संथ असल्याने, घाव कुठे बसतो यावर बरेच अवलंबून असते.

आजवरची मोजणी एकेका किंवा मोजक्या यंत्रांभोवतीची आहे. शेकडो यंत्रांच्या रांगेसाठी तीच संख्या नुसती गुणून चालणार नाही, कारण एका टर्बाइनला बगल देणारा सील दुसऱ्याच्या वाटेत जाऊ शकतो, किंवा ती सामुद्रधुनीच सोडून देऊ शकतो. हक्काचे खाद्यक्षेत्र असे गमावणे हेही नुकसानच आहे, आणि टकरींच्या हिशेबात ते धरलेले नसते.