वापरलेला मायक्रोमीटर: झिरो हलवण्याआधी हे वाचा

आमच्याकडून जुना मायक्रोमीटर (मिलिमीटरच्या शंभराव्या भागापर्यंत माप घ्यायचं हत्यार) नेल्यावर फोन येतो तो बहुतेक एकाच कारणाने, "झिरो जुळत नाहीये", म्हणजे तोंडं पूर्ण बंद केली तरी रीडिंग शून्य येत नाही. आणि खरं सांगायचं तर पुष्कळदा झिरो कुठेच गेलेला नसतो, ॲनव्हिलवर (म्हणजे स्थिर तोंडावर) तेलाचा थर किंवा बारीक बुरा असतो, म्हणून पाना हातात घ्यायच्या आधी साफसफाई करा.

एक साधा स्वच्छ कागद ॲनव्हिल आणि स्पिंडलच्या (पुढे-मागे सरकणारा दांडा) मध्ये रॅचेटने (मागच्या टोकाची, ठराविक दाबाला घसरणारी मूठ) हलकेच पकडायचा आणि ओढून काढायचा, काळा डाग येतो का बघायचं, डाग येईनासा होईपर्यंत कागदाची जागा बदलत करत राहायचं. कागद फाडून काढू नका, त्याचे तंतू आतच राहतात आणि मग तेच मापात येतात. हवेचा प्रेशर तर अजिबात मारू नका, त्याने घाण बाहेर येत नाही, उलट आटयात (स्पिंडलच्या स्क्रूच्या पेचांत) घुसते.

आता झिरो बघा. फक्त रॅचेटने बंद करायचं, थिंबल (आकडे असलेली फिरणारी नळी) पिळून नाही, मायक्रोमीटर म्हणजे क्लॅम्प नव्हे. तीन-चार वेळा बंद-उघड करा आणि दरवेळी रीडिंग तेच येतंय का ते पहा. दरवेळी वेगळं येत असेल तर ती झिरोची तक्रार नाही, घाण तरी राहिली असेल किंवा आटयात प्ले (ढिलेपणा) असेल, आणि अशा वेळी झिरो सेट करणं म्हणजे उगाच स्वतःची फसवणूक. बघताना डोळा रेषेच्या अगदी समोर हवा, तिरकं बघितलं तरी अर्ध्या डिव्हिजनचा फरक दिसू शकतो.

नेहमीच्या ०-२५ मिमीच्या मायक्रोमीटरमध्ये आटयाचा पिच (एका फेरीत स्पिंडल सरकतो ते अंतर) ०.५ मिमी आणि थिंबलवर ५० डिव्हिजन, म्हणून एक डिव्हिजन ०.०१ मिमी. फरक साधारण एका डिव्हिजनपर्यंत असेल तर स्लीव्ह (मुख्य रेषा असलेली, एरवी न फिरणारी नळी) फिरवायची. बंद स्थितीत स्पिंडल लॉक करा, स्लीव्हच्या मागच्या बाजूला छोटं भोक असतं त्यात सोबत दिलेल्या हुकाच्या पान्याचं टोक घाला आणि मुख्य रेषा थिंबलच्या शून्यासमोर येईपर्यंत अगदी थोडी थोडी फिरवा. लॉक सोडून परत तपासा, कारण लॉक करतानाही स्पिंडल किंचित सरकू शकतो.

फरक त्याहून जास्त असेल तर स्लीव्ह पार फिरवत बसू नका, रेषा वाचायला भलत्याच जागी जाते. मग रॅचेट पान्याने सैल करायचं, थिंबल स्पिंडलच्या टेपरवर (निमुळत्या भागावर) घट्ट बसलेलं असतं ते रॅचेटच्या दिशेने दाबून मोकळं करायचं, शून्याशी जुळवायचं आणि रॅचेट परत आवळायचं. आवळताना थोडं सरकतंच, ते स्लीव्हने जुळवून घ्या. काही जुन्या मायक्रोमीटरची रचना वेगळी असते, भोक दिसलं नाही तर जोर लावण्याआधी आम्हाला विचारा.

२५ मिमीच्या पुढच्या साइझचा झिरो सेटिंग रॉडवर (ठराविक लांबीच्या प्रमाण दांडीवर) होतो, आणि इथे हाताची उष्णता नडते. १०० मिमीचा स्टीलचा रॉड १० डिग्रीने तापला तर साधारण ११-१२ मायक्रॉनने (०.०११-०.०१२ मिमी) वाढतो, म्हणजे एक डिव्हिजन गेलंच की! मापं २० डिग्रीला धरलेली असतात, तेवढी सोय सगळ्यांकडे नसते, पण रॉड आणि मायक्रोमीटर दोन्ही एकाच टेबलावर तासभर ठेवून मग हात लावणं तर कुणालाही जमतं.

आता आमच्या मते सगळ्यात महत्त्वाचं. झिरो जुळला म्हणजे फक्त एक जागा जुळली. जुना मायक्रोमीटर वर्षानुवर्षं एकाच मापाच्या जॉबवर चालला असेल तर आटे नेमके तिथेच झिजलेले असतात, आणि झिरोला चोख दिसणारा मायक्रोमीटर १२ मिमीला खोटं बोलू शकतो. म्हणून स्लिप गेजवर (अचूक जाडीच्या ठोकळ्यांवर) तपासा, आणि तेही ५, १०, १५ असे नाही, कारण तिथे थिंबल दरवेळी शून्यावरच थांबतं. ५.१, ७.७, १०.३, १२.९ अशी मापं घेतली की थिंबल दरवेळी वेगळ्या कोनात थांबतं आणि एका फेरीच्या आत असलेली चूक उघडी पडते.

प्ले असेल तर थिंबलच्या आत आटयावर एक ॲडजस्टिंग नट असतो, तो किंचित आवळून प्ले जातो, पण पूर्ण लांबीत स्पिंडल अडकता कामा नये, शंका असेल तर हे काम आमच्यावर सोडा. तोंडं झिजून समांतर राहिली नसतील तर मात्र घरच्या घरी काही होत नाही, लॅपिंगच (तोंडं बारीक घासून सपाट करणं) करावं लागतं.

काम झालं की तोंडांमध्ये थोडी फट ठेवून, लॉक न करता, स्पिंडलला हलक्या तेलाचा हात लावून डबीत ठेवा.