पार्किन्सन्ससह दैनंदिन जीवन

पार्किन्सन्स किंवा कंपवात हा मेंदूचा सावकाश वाढत जाणारा विकार. तो पूर्ण बरा करणारा उपचार अजून नाही, मात्र निदानानंतर अनेक जण दहा-वीस वर्षे आणि त्याहूनही अधिक जगतात. ही वर्षे कशी जातील हे औषधांइतकेच घरातल्या दिनक्रमावर, व्यायामावर आणि भोवतालच्या माणसांच्या समजुतीवर ठरते. या नोंदीचा भर त्या रोजच्या जगण्यावर आहे.

लंडनचे डॉक्टर जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ साली या विकाराचे सविस्तर वर्णन केले. त्यांचा जन्मदिवस, ११ एप्रिल, जगभर पार्किन्सन्स दिन म्हणून पाळला जातो. आयुर्वेदाला कंपवात परिचित होता. खाजकुइलीच्या (कपिकच्छू) बियांमध्ये लेवोडोपा हे द्रव्य नैसर्गिकरीत्या असते, आणि आज याच द्रव्याची गोळी उपचाराचा कणा आहे. डॉक्टरांना न सांगता गोळीच्या जोडीला हे चूर्ण घेतले, तर मात्रा नकळत वाढते. मुंबईच्या पारशी वसाहतींमध्ये घरोघरी जाऊन केलेली एक पाहणी १९८८ साली प्रसिद्ध झाली. तिच्यात दर लाखामागे सुमारे ३२८ जणांना हा विकार आढळला होता. भारतातल्या इतर पाहण्यांपेक्षा हे प्रमाण बरेच जास्त होते.

मध्यमेंदूतल्या गडद रंगाच्या एका भागातील पेशी मरत जातात आणि हालचालींसाठी लागणारे डोपामिन हे रसायन कमी पडू लागते; लेवोडोपाची गोळी हीच उणीव भरून काढते. हालचाली मंदावतात, स्नायू ताठरतात, तोल जातो. कंप सर्वांनाच असतो असे नाही. चालणे, हात झुलवणे, कूस बदलणे, आवंढा गिळणे, पापण्या मिटणे या हालचाली एरवी आपोआप होतात; आता त्या ठरवून, लक्ष देऊन कराव्या लागतात. रोजच्या जगण्यातल्या बहुतेक युक्त्या यावरच आधारलेल्या आहेत.

गोळीचे घड्याळ. लेवोडोपाचे रक्तातील प्रमाण सुमारे दीड तासात निम्म्यावर येते. सुरुवातीची काही वर्षे मेंदूतल्या शिल्लक पेशी हा चढउतार झाकून घेतात. पुढे गोळीचा असर संपल्याचे स्पष्ट जाणवू लागते. असर असतो तो काळ ‘ऑन’, उतरतो तो ‘ऑफ’. सकाळी अकराला स्वतः चहा करणाऱ्या माणसाला साडेबाराला खुर्चीतून उठता येत नाही आणि दीडला तो पुन्हा हिंडूफिरू लागतो. घरच्यांचा सर्वांत मोठा गैरसमज इथेच होतो. ‘मघाशी जमत होतं, आता का नाही? आळस करताय,’ असे ऐकावे लागले नाही असा पार्किन्सन्सचा रुग्ण विरळा. हा आळस नसतो आणि नाटकही नसते. ज्या घराला हा चढउतार कळला, त्या घरातला निम्मा ताण तिथेच संपतो.

म्हणून दिवस गोळीभोवती बांधावा लागतो. आंघोळ, फिरणे, बँकेचे काम, पाहुण्यांकडे जाणे ‘ऑन’ काळात ठेवावे. गोळ्यांच्या वेळा मोबाइलच्या गजरावर लावाव्यात. अर्ध्या तासाचा उशीरही पुढच्या टप्प्यात महागात पडतो. आठवडाभराची एक वही ठेवून गोळी कधी घेतली, असर कधी सुरू झाला, कधी उतरला आणि अंग आपोआप वळवळण्याचा त्रास कधी झाला, याची नोंद करावी. दहा मिनिटांच्या भेटीत डॉक्टरांना या वहीतून जे कळते, ते तोंडी सांगून कळत नाही. गोळी मनाने अचानक बंद करणे जिवावर बेतू शकते. कडक उपवासाच्या दिवशीही ती चुकवू नये.

गोळी शक्यतो जेवणाआधी अर्धा तास, पाण्याबरोबर घ्यावी. दूध, पनीर, डाळी, अंडी, मांस यांतली प्रथिने आतड्यातून आत शिरताना लेवोडोपाशी स्पर्धा करतात, लोहाच्या गोळ्याही तिला अडवतात. सुरुवातीला याचा फारसा फरक पडत नाही. चढउतार सुरू झाल्यावर मात्र काहींना दिवसा प्रथिने बेताची आणि रात्रीच्या जेवणात भरपूर, अशी वाटणी उपयोगी पडते. प्रथिने सोडून देणे मात्र चूक. वजन आणि स्नायू दोन्ही घटतात. मळमळ होत असेल तर गोळीबरोबर एखादे बिस्किट किंवा केळ्याचा तुकडा चालतो. बद्धकोष्ठता हा बहुतेकांचा जुना सोबती, काहींना तर कंपाच्या कित्येक वर्षे आधीपासूनचा. पोट साफ नसेल तर गोळीचा असरही उशिरा येतो. म्हणून पाणी, पालेभाज्या, फळे, इसबगोल आणि चालणे हा उपचाराचाच भाग मानावा.

चालणे आणि पाय खिळणे. दारात, अरुंद बोळात, वळताना किंवा लिफ्टसमोर पाय एकाएकी जमिनीला चिकटल्यासारखे होतात. याला ‘फ्रीझिंग’ म्हणतात. शरीर पुढे जाते, पाय मागे राहतात आणि माणूस पडतो. गंमत अशी की सपाट हॉलमध्ये अडकलेला माणूस जिना मात्र बिनदिक्कत चढतो. कारण पायरी डोळ्यांना दिसते, तिच्यावर पाऊल ठेवायचे असते आणि मेंदूचा दुसरा, शाबूत मार्ग कामाला लागतो. हीच सोय सपाट जमिनीवर करता येते. उंबरठ्याच्या अलीकडे-पलीकडे आणि संडासाच्या वाटेवर पावलाच्या अंतरावर रंगीत चिकटपट्ट्या आडव्या लावाव्यात. शहाबादी फरशीचे सांधे, टाइल्सच्या रेघाही चालतात. रेघ ओलांडायची, एवढेच मनात ठेवायचे. घरातल्या कोणी आपले पाऊल समोर आडवे ठेवले तरी ते ओलांडून पाय सुटतो. काहींना तालाचा उपयोग होतो: ‘डावा-उजवा’ मोजणे, मोबाइलवरचा मेट्रोनोम (ठरावीक ठेका देणारे ॲप) किंवा ठेक्याचे एखादे गाणे.

पाय खिळले की हात धरून ओढू नये. थांबावे, ताठ उभे राहावे, वजन एकदा डाव्या आणि एकदा उजव्या पायावर घ्यावे आणि मग मोठे पहिले पाऊल टाकावे. जागच्या जागी गिरकी घेण्यापेक्षा मोठा वळसा घालून वळावे. चालताना बोलणे, हातात भांडे नेणे, फोन घेणे टाळावे. एका वेळी एकच काम. चार पायांचा, उचलून ठेवावा लागणारा वॉकर अनेकांना अडचणीचाच होतो, तेव्हा कोणता आधार घ्यायचा हे फिजिओथेरपिस्टला विचारूनच ठरवावे. पायपुसणी, सुटे गालिचे, वायरी वाटेतून काढाव्यात. मागे पट्टा नसलेल्या चपला घरातसुद्धा नकोत.

खुर्ची उंच, हातांची आणि कडक बैठकीची असावी. उठताना आधी पुढे सरकायचे, पावले मागे घ्यायची, पुढे झुकायचे आणि मग जोर लावायचा. अंथरुणात कूस बदलता येत नाही ही फार जणांची तक्रार असते. गुडघे दुमडून आधी ते आणि मग खांदे वळवणे जमते. चादरीच्या मधल्या भागात गुळगुळीत साटीनचे कापड टाकले तर काम आणखी सोपे होते. उठल्यावर रक्तदाब एकदम उतरून चक्कर येऊ शकते, म्हणून पलंगाच्या काठावर मिनिटभर बसूनच उभे राहावे.

पाटावरचे जेवण आणि भारतीय पद्धतीचा संडास बहुतेकांना सोडावा लागतो. न्हाणीघरात पक्के बसवलेले दांडे आणि बसायला न हलणारे स्टूल हवे. दांड्याच्या जागी टॉवेल अडकवायची सळी पकडली तर ती भिंतीतून निघून येते. पायजम्याला नाडीऐवजी इलास्टिक, सदऱ्याला बटणांऐवजी वेल्क्रो. निऱ्या घालणे जमेनासे झाले म्हणून अनेक बायका साडी सोडून गाऊनवर येतात आणि मग समारंभांना जाणेच बंद करतात. शिवलेली साडी ही साधी सोय त्यांना पुन्हा घराबाहेर आणू शकते. काठाचे ताट, जड मुठीचा चमचा आणि अर्धाच भरलेला कप असला की जेवताना सांडण्याची धास्ती कमी होते. पोळीला दोन मिनिटे लागोत की दहा, जे जमते ते दुसऱ्याने हातातून काढून घेऊ नये. मदत कुठे थांबवायची हे कळणे शुश्रूषेतले सर्वांत अवघड काम आहे.

आवाज, गिळणे, चेहरा. आवाज बारीक होत जातो, पण बोलणाऱ्याला तो पुरेसा मोठाच वाटतो. यावरच्या प्रशिक्षणाचा गाभा एकच: ओरडल्यासारखे वाटेल इतक्या जोराने बोला. वर्तमानपत्र किंवा रोजचे स्तोत्र खड्या आवाजात वाचणे हा घरचा सराव. गिळताना ताठ बसावे, लहान घास घ्यावा, टीव्ही बंद ठेवावा. पाणी पिताना वारंवार ठसका लागत असेल तर वाचा व गिळण्याच्या तज्ज्ञाकडे वेळेत जावे. श्वासनलिकेत अन्न जाऊन होणारा न्यूमोनिया हा या विकारातला मोठा धोका आहे. चेहऱ्याचे स्नायू हलत नसल्याने माणूस नाराज किंवा निर्विकार वाटतो. नातवंडांना हे आवर्जून सांगावे, नाहीतर आजोबा आपल्यावर रागावलेत असे त्यांना वाटत राहते.

नैराश्य आणि भीती या केवळ आजारपणाच्या प्रतिक्रिया नाहीत, त्या विकाराच्या रसायनातच आहेत. ‘मन खंबीर करा’ हा उपदेश इथे अपुरा पडतो, उपचार करावे लागतात. प्रामिपेक्सोल, रोपिनिरोल यांसारख्या पार्किन्सन्सवरच्याच इतर गोळ्यांनी काहींना जुगाराचा, खरेदीचा किंवा कामवासनेचा अनावर ओढा लागतो. लाजेपोटी हे घरात दडवले जाते आणि पैसे गेल्यावर कळते. डॉक्टरांना स्पष्ट सांगितले तर औषध बदलता येते. खोलीत माणसे किंवा मुले दिसणे हाही औषधांचा किंवा विकाराचा भाग असू शकतो. अशा वेळी वाद घालू नये, दिवा लावावा आणि डॉक्टरांना कळवावे.

व्यायाम आणि सोबत. नियमित, घाम काढणारा व्यायाम हा औषधाला पर्याय नव्हे, पण त्याच्याइतकाच नेमाने करायचा. झपाझप चालणे, स्थिर सायकल, ताई ची (संथ हालचालींचा चिनी व्यायाम), योगासने, नृत्य यांतले जे आवडेल ते निवडावे, कारण जे आवडते तेच टिकते. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये मार्क मॉरिस यांच्या नृत्यसंस्थेने २००१ साली पार्किन्सन्सच्या रुग्णांसाठी वर्ग सुरू केले. पुण्यात नर्तक हृषीकेश पवार यांनी असे वर्ग घेतले आहेत. पुण्याचे पार्किन्सन्स मित्रमंडळ आणि मुंबईची पार्किन्सन्स डिसीज अँड मूव्हमेंट डिसऑर्डर सोसायटी यांनी रुग्ण आणि घरच्यांना एकत्र आणले. मराठी स्वमदत गटांत रुग्णाला ‘शुभार्थी’ आणि सांभाळणाऱ्याला ‘शुभंकर’ म्हणतात. शुभंकर बहुधा बायकोच असते, तीही साठी-सत्तरीची. तिची झोप, तिचे गुडघे, तिची मैत्रिणींबरोबरची संध्याकाळ यांची तजवीज आधीपासून केली नाही, तर दोघेही एकदमच कोलमडतात.

दवाखाना आणि कागदपत्रे. मळमळ आणि चक्कर यांवर सर्रास दिली जाणारी मेटोक्लोप्रमाइड, प्रोक्लोरपेराझिन, सिनारिझिन, फ्लुनारिझिन ही औषधे, तसेच झोपेसाठी किंवा भ्रमासाठी दिले जाणारे हॅलोपेरिडॉल, पार्किन्सन्सची लक्षणे वाढवतात. ही नावे आणि आपल्या गोळ्यांच्या वेळा लिहिलेला कागद पाकिटात कायम असावा. इस्पितळात दाखल होताना तो आधी दाखवावा, कारण वॉर्डातल्या गोळ्या वाटण्याच्या ठरावीक वेळा लेवोडोपाला चालत नाहीत. औषधांनी चढउतार आवरत नसतील तर मेंदूत इलेक्ट्रोड, म्हणजे विजेचे सौम्य स्पंद देणाऱ्या बारीक तारा, बसवण्याच्या शस्त्रक्रियेचा (डीप ब्रेन स्टिम्युलेशन, डीबीएस) विचार होतो. गोळीने ज्या तक्रारी थोडा वेळ तरी थांबतात, त्यांवर या शस्त्रक्रियेचा चांगला उपयोग होतो. गोळीने न सुधारणारा तोल बहुधा शस्त्रक्रियेनेही सुधारत नाही.

अक्षर बारीक होत जाते आणि बँकेत सही जुळेनाशी होते. खात्यावर विश्वासू व्यक्तीचे नाव संयुक्तपणे लावणे आणि नमुना सही वेळीच बदलून घेणे हे सुरुवातीलाच उरकावे. सही करणे अशक्य झाल्यास अंगठ्याच्या ठशावर पैसे काढण्याची तरतूद रिझर्व्ह बँकेच्या नियमांत आहे. ठसा दोन साक्षीदारांनी ओळखावा लागतो आणि त्यांतला एक बँकेचा अधिकारी असतो. निवृत्तिवेतनधारकांना हयातीचा दाखला चेहऱ्याच्या ओळखीवरून मोबाइलवरही देता येतो. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये नमूद केलेल्या २१ प्रकारांत पार्किन्सन्सचा समावेश आहे. ४० टक्के किंवा अधिक दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र मिळाल्यास सवलतींसाठी अर्ज करता येतो. तपासणीला जाताना ‘ऑफ’ काळातल्या अडचणींचे व्हिडिओ सोबत न्यावेत.