कोल्ड एअर इनटेक आणि त्याचं हीट शील्ड

कोल्ड एअर इनटेक म्हणजे इंजिनाला लागणारी हवा बॉनेटखालच्या तापलेल्या जागेतून न घेता बाहेरून, जमेल तेवढी थंड आणून देणारी पाइप, फिल्टर आणि डबा अशी जोडणी, आणि हीट शील्ड म्हणजे इंजिनाची उष्णता फिल्टरपर्यंत येऊ न देणारी पत्र्याची भिंत. बोलताना सगळे नुसतं 'इनटेक' म्हणतात आणि बहुतेकांच्या डोळ्यासमोर तो लाल कोनासारखा उघडा फिल्टरच येतो, पण तो लावला म्हणून हवा थंड मिळते असं अजिबात नाही, गोव्यात तर बऱ्याचदा उलटंच होतं.

कारण साधं आहे. हवा तापली की पातळ होते, दर १० डिग्रीला साधारण ३ टक्के. बाहेर ३३ डिग्री असताना बॉनेटखालची ७० डिग्रीची हवा ओढली तर तेवढ्याच जागेत जवळजवळ ११ टक्के कमी हवा मावते, मग ईसीयू (इंजिन चालवणारा कॉम्प्युटर) पेट्रोलही तेवढं कमी सोडतो. शिवाय गरम हवेवर नॉकिंगची, म्हणजे पेट्रोल वेळेआधी आपोआप पेटून इंजिन ठोकण्याची भीती वाढते म्हणून तो ठिणगीचं टायमिंगही मागे घेतो, म्हणजे दोन्हीकडून मार. मावसभावाच्या गाडीला उघडा कोन लावलेला, चोडणला जायला रायबंदरच्या धक्क्यावर फेरीबोटीच्या रांगेत थांबलो तेव्हा स्कॅनर लावून बघितलं तर इनटेकचं टेम्परेचर ६५ च्या वर गेलेलं. गाडी पळायला लागली की ते उतरतं, पण गोव्यात गाडी सलग पळते कुठे, फेरी झाली की सिग्नल, सिग्नल झाला की बाजार.

आपल्या हवेतला दमटपणा मात्र कुठल्याच इनटेकने जात नाही. मे महिन्यात हवेतली ३-४ टक्के जागा वाफच खाते, तेवढा ऑक्सिजन कमी, ते धरूनच चालायचं.

आणखी एक गोष्ट आधी बघून घ्या, आजकालच्या बहुतेक गाड्यांचा कंपनीचा एअर बॉक्स हवा ग्रिलमागून किंवा हेडलाइटच्या बाजूनेच घेतो, म्हणजे तो मुळात कोल्ड एअर इनटेकच असतो. टर्बो गाडीत हवा पुढे इंटरकूलरमधून (हवा गार करणाऱ्या रेडिएटरमधून) जाते त्यामुळे तिथे फरक आणखी कमी. खरा फायदा दिसतो तो साध्या पेट्रोल इंजिनात, आणि तोही शील्ड नीट असेल तरच.

बसवताना आधी बॅटरीची निगेटिव्ह काढायची, जुना बॉक्स बोल्ट-क्लिपांसकट पिशवीत घालून घरी ठेवायचा, भंगारात द्यायचा नाही. नवीन पाइपचा सेन्सरजवळचा व्यास कंपनीएवढाच पाहिजे, कारण एमएएफ सेन्सर (आत जाणारी हवा मोजणारा) असलेल्या गाडीत ईसीयूचा सगळा हिशोब त्या व्यासावर बसवलेला असतो, आणि सेन्सर वळणाला लागून बसवला की रीडिंग नाचतं, चेक लाइट पेटते. इंजिन माउंटवर (त्याच्या रबरी आधारांवर) हलतं, बॉडी हलत नाही, म्हणून मध्ये एक सिलिकॉन होज ठेवावाच लागतो, सगळं कडक जोडलं तर कुठेतरी तडा जाणारच. ब्रीदर पाइप (इंजिनातली वाफ परत इनटेकमध्ये आणणारी बारीक नळी) फिल्टरच्या पुढे, म्हणजे इंजिनाच्या बाजूला परत जोडायला कित्येक जण विसरतात, मग तिथून न गाळलेली धूळ सरळ आत. पाइप चमकदार अ‍ॅल्युमिनियमचा घेण्यापेक्षा प्लास्टिकचा बरा, तो उष्णता कमी वाहून नेतो.

आता शील्ड. हे काम माझ्या मते पाइपपेक्षाही मोठं, आणि लोक नेमकं यातच घाई करतात. आधी पुठ्ठा कापून फिल्टरभोवती भिंती करून बघायच्या, बॉनेट बंद होतं का, रेडिएटरच्या पाइपला काही लागतं का, सगळं जुळलं की मग तोच नमुना दीड मिलिमीटरच्या अ‍ॅल्युमिनियम पत्र्यावर उतरवायचा. इंजिनाकडची बाजू चकचकीत राहू द्यायची, काळा रंग मारला की दिसायला छान पण तो उष्णता शोषून घेतो, चकचकीत पत्रा ती परत फेकतो. पत्रा आणि फिल्टर यांच्यात १०-१५ मिलिमीटर मोकळी जागा लागते, चिकटून बसवला तर तापलेला पत्राच फिल्टरला शेक देतो. वरच्या कडेला रबर बिडिंग (रबराची पट्टी), तीही अशी की बॉनेट लावलं की दबून पक्की बसेल, कारण वरून फट राहिली तर बाकीच्या भिंतींचा उपयोग नाही, गरम हवा वरच जमते. आणि पुढून बाहेरची हवा यायला डक्ट (हवेची वाट) पाहिजेच, चारी बाजूंनी बंद डबा केला तर इंजिन गुदमरतं. नट-बोल्ट स्टेनलेसचे घ्याल तर खाली नायलॉनचा वॉशर घाला, समुद्राच्या खाऱ्या हवेत स्टील आणि अ‍ॅल्युमिनियम एकमेकांना लागले की अ‍ॅल्युमिनियम पांढरं पडून खाल्लं जातं, मिरामार-कळंगुटकडे राहणाऱ्यांना हे सांगायला नको.

पाण्याचं तर जास्तच जपायला हवं. गोव्यात वर्षाला ३ हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये, आणि पणजीत जोराची सर आली की '१८ जून' नावाच्या रस्त्यावर पाणी साचतं. थंड हवा मिळावी म्हणून फिल्टर बंपरच्या मागे खाली उतरवलेला असेल तर तो पाणी ओढतो, सिलिंडरमध्ये पाणी हवेसारखं दाबलं जात नाही, पिस्टनचा कनेक्टिंग रॉड वाकतो आणि इंजिन खलास. म्हणून इथे फिल्टर हेडलाइटच्या उंचीच्या खाली नेऊच नये, डब्याच्या तळाला ७-८ मिलिमीटरचं भोक ठेवावं म्हणजे आत आलेलं पाणी निथळून जातं. साध्या इन्शुरन्समध्ये हे नुकसान सहसा बसत नाही, इंजिन प्रोटेक्शन वेगळं घ्यावं लागतं आणि बदल कंपनीला आधी कळवलेला असावा. मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ गाडीतल्या बदलांबद्दल आहे, तेही वाचून ठेवा.

धुळीचं म्हणाल तर डिचोली, साखळी, उसगाव पट्ट्यात खनिजाच्या ट्रकांची लाल धूळ इतकी बारीक असते की तेल लावलेला कापडी फिल्टर ५ हजार किलोमीटरच्या आत धुवावा लागतो, आणि धुतल्यावर तेल जास्त पडलं तर ते एमएएफच्या तारेवर जाऊन बसतं. तिकडच्या माणसाला मी कोन लावायला सांगतच नाही, कंपनीचाच बॉक्स, कागदी फिल्टर, आणि बॉक्स व इंजिन यांच्यामध्ये फक्त पत्र्याचं शील्ड. ज्यांनी कोन बसवलाय त्यांच्यातले बरेच जण मे संपता संपता घरी ठेवलेला जुना बॉक्स परत चढवतात आणि दसऱ्याच्या सुमाराला उतरवतात, दोन्ही वेळेला मिळून तासाभराचं काम आहे.