रोहिताची मान आणि क्षितिजाची रेषा

हिवाळ्यात उजनी धरणाच्या पाणफुगवट्यावर, भिगवणच्या परिसरात, रोहित म्हणजेच फ्लेमिंगो पक्ष्यांचे थवे उतरतात आणि त्यांच्यापाठोपाठ लांब लेन्स घेतलेले छायाचित्रकारही येतात. त्यांच्या छायाचित्रांत एक दोष वारंवार आढळतो: पलीकडच्या काठाची रेषा नेमकी पक्ष्याच्या मानेतून आरपार गेलेली असते. महागडी लेन्स घेऊनही तो जात नाही, कारण त्याचे मूळ भूमितीत आहे.

सपाट पाण्यावर क्षितिज नेहमी कॅमेऱ्याच्या उंचीवरच दिसते. त्यामुळे कॅमेरा पाण्यापासून जितका वर असेल, तितक्याच उंचीवर ती रेषा समोरच्या पक्ष्याला छेदते, मग तो वीस मीटरवर असो वा शंभर मीटरवर. मोठा रोहित साधारण ११० ते १५० सेंटिमीटर उंच असतो. होडीत बसलेल्या माणसाचा कॅमेरा पाण्यापासून मीटरभर वर असतो, आणि पक्ष्याची मानही तिथेच येते. उभे राहिल्यास संपूर्ण पक्षी पाण्याच्या पार्श्वभूमीवर दिसतो खरा, पण चित्र वरून पाहिल्यासारखे चपटे वाटते. कॅमेरा होडीच्या काठाबाहेर पाण्यापासून वीतभर अंतरावर आणला, की रेषा पायांपाशी उतरते आणि धड व मान दूरच्या धूसर काठावर किंवा आकाशावर मोकळी उठून दिसतात. (नावाड्याला आधी सांगून ठेवावे, होडी एका बाजूला कलते.)

चौकट अशी ठरली, तरी पक्षी तिच्यात आपणहून यावा लागतो. प्रत्येक पक्षी धोक्याला ठरावीक अंतरापर्यंतच जवळ येऊ देतो. ते अंतर ओलांडण्यापूर्वी रोहित चरणे थांबवतात, माना ताठ करतात आणि सगळे मिळून एकाच दिशेने चालू लागतात. माना वर होताच होडी थांबवली, तर थवा बहुधा पुन्हा चरू लागतो. तशीच पुढे रेटली, तर तो उडतो, आणि पक्ष्यांचा चरण्याचा वेळ व शक्ती दोन्ही वाया जातात. थव्याला मुद्दाम उडवून ‘फ्लाइट शॉट’ मिळवणे हे कौशल्य नव्हे, असे माझे स्पष्ट मत आहे.

चरताना रोहित चोच उलटी धरून डोके पाण्यात बुडवतो आणि जिभेच्या हालचालीने पाणी आत-बाहेर करून चोचीतील गाळणीत अन्नकण अडकवतो. त्या वेळी डोळा दिसत नाही आणि छायाचित्रात नुसते गुलाबी गाठोडे उमटते. डोके वर येईपर्यंत, आणि शेजारच्या पक्ष्याची मान त्याच्यावरून बाजूला होईपर्यंत, थांबण्यावाचून इलाज नसतो.

थांबायला मिळणारा वेळ मात्र मोजका असतो. क्षितिजावरच्या सूर्याचा प्रकाश डोक्यावरच्या सूर्याच्या तुलनेत सुमारे ३८ पट हवेतून येतो. वाटेत निळा प्रकाश विखुरला जातो आणि उबदार छटा उरते. सूर्य दहा अंश वर आला, की हे प्रमाण साडेपाच पटींवर येते, आणि हिवाळ्यात आपल्याकडे त्याला जेमतेम पाऊण तास लागतो. म्हणून जागा उजाडण्यापूर्वीच घ्यावी. सूर्य पाठीशी असावा आणि जमल्यास वाराही, कारण रोहित वाऱ्याच्या दिशेकडे तोंड करून, पाण्यावर धावत उड्डाण घेतात, म्हणजे स्वतःहून उडाले तर ते समोर येतात. ऊन चढल्यावर पाणी, चिखल आणि हवा यांच्या तापमानांत फरक पडतो, हवेचे थर प्रकाशकिरण वेडेवाकडे वळवतात आणि दूरचा पक्षी पाण्यात विरघळल्यासारखा हलतो. त्यानंतर दूरच्या थव्यावर टेली लेन्स रोखून फारसे काही हाती लागत नाही.