उथळ कुंडीतला वड

परळला आमच्या इमारतीच्या मागच्या भिंतीत, पाइपाशेजारच्या भेगेत वडाचं रोप उगवलं होतं. मुंबईत अशी रोपं जागोजागी दिसतात. कावळे, बुलबुल, वटवाघळं वडाची फळं खातात, विष्ठेतून बी फटीत पडतं आणि चिमूटभर धुळीवर झाड उभं राहतं. पाइप बदलताना प्लंबरने ते उपटून खाली टाकलं, मी उचलून आणलं. आज नऊ वर्षांनी ते खिडकीच्या ग्रिलमध्ये, जेमतेम पाच सेंटिमीटर खोल कुंडीत आहे.

घरी येणारं प्रत्येक जण विचारतं, "याला उपाशी ठेवता का?" अजिबात नाही. बोन्साय ही झाडाची बुटकी जात नाही; हाच वड उद्या जमिनीत लावला तर पसरू लागेल. तो लहान राहतो तो छाटणीमुळे. फांदीच्या शेंड्यात ऑक्सिन नावाचं संप्रेरक तयार होतं, ते खाली उतरतं आणि बाजूच्या कळ्यांना दाबून धरतं. शेंडा खुडला की त्या कळ्या जाग्या होतात आणि उंचीऐवजी फांद्या वाढतात. मुळांचंही तसंच आहे. जाड मुळं झाडाला धरून ठेवतात, पण पाणी शोषण्याचं बहुतेक काम टोकाजवळच्या कोवळ्या, केसांसारख्या मुळांचं. जाड मूळ कापलं की कापलेल्या जागेजवळून बारीक मुळांचा झुबका फुटतो. कुंडी बदलायची ती यासाठी.

दर दोन वर्षांनी, पावसाच्या तोंडावर मी हे करते. झाड बाहेर काढलं की मुळांची चटईच हातात येते, कुंडीचाच आकार घेतलेली, कडेने गोल गोल फिरलेली. जाड काडीने ती बाहेरच्या बाजूला विंचरत सोडवायची, मग साधारण एक तृतीयांश कापायची. कापलेल्या जागी पांढरा चीक येतो, तो थोड्या वेळात थांबतो. मुळं कमी झाली की पाणी कमी चढतं, म्हणून काही पानंही काढायची. जूनच्या दमट हवेत पानांतून पाणी कमी उडतं आणि उबेत नवी मुळं लवकर धरतात, म्हणून हाच मुहूर्त. नंतर दोन-तीन आठवडे सावली, आणि खत नाही.

खरा घोळ मातीत होतो. पहिल्या वर्षी मी बागेतली लाल माती भरली. जुलैत पानं पिवळी पडली, मुळं काळी आणि कुजकट वासाची झाली. कारण समजून घ्यायला भांडी घासायचा स्पंज पुरतो. तो भिजवून आडवा धरा. ठिबकणं थांबलं की उभा करा. पुन्हा पाणी गळेल. कुंडीतही तसंच: मातीच्या तळाशी पाण्याचा एक थर लोंबकळून राहतो आणि त्याची उंची कुंडी किती खोल आहे यावर नव्हे, तर कण किती बारीक आहेत यावर ठरते. खोल कुंडीत तो थर तळाशी पडून राहतो, उथळ कुंडीत मुळांना गाठतो. पाण्यातून ऑक्सिजन हवेच्या तुलनेत सुमारे १०,००० पट हळू पसरतो, म्हणजे मुळं गुदमरतात. तळाशी खडी घातल्यानेही निभावत नाही. पाण्याचा थर फक्त वर सरकतो.

म्हणून आता विटांचा चुरा वापरते, तीन ते पाच मिलिमीटरचा, चाळून धूळ काढलेला, त्यात थोडं शेणखत. संततधार लागली की कुंडीच्या एका बाजूखाली विटेचा तुकडा सरकवायचा. कुंडी कलते, एक बाजू उंच होते आणि उभ्या केलेल्या स्पंजासारखं जास्तीचं पाणी निघून जातं.

अशी निगा राखली तर झाड किती जगतं? हिरोशिमातल्या यामाकी कुटुंबाचं एक पाइन १६२५पासून कुंडीत आहे. ६ ऑगस्ट १९४५ला बॉम्ब पडला तेव्हा ते स्फोटाच्या केंद्रापासून साधारण तीन किलोमीटरवर, बागेच्या भिंतीआड होतं. १९७६ला ते अमेरिकेला भेट दिलं गेलं आणि आज वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय वृक्षोद्यानात हिरवंगार आहे. पिढ्यान्‌पिढ्या कुणी ना कुणी त्याची मुळं कापत, कुंडी बदलत आलं आहे.

माझ्या वडाला या जुलैत एका आडव्या फांदीखाली पहिली पारंबी फुटली, तांदळाच्या दाण्याएवढी, टोकाला लालसर. शहाळ्याची स्ट्रॉ उभी चिरून, आत ओलं शेवाळ भरून मी ती पारंबीखाली बांधली आहे, मातीपर्यंत तिला ओल मिळावी म्हणून. अजून चार बोटं अंतर उरलंय.