अपुऱ्या दिवसांचे बाळ आणि गर्भात वाढ खुंटलेले बाळ

वजनकाट्यावर १,९०० ग्रॅम असा आकडा दिसला की 'बाळ कमी वजनाचे आहे' एवढेच नातेवाइकांच्या कानी पडते आणि त्याचे खापर बहुधा आईच्या खाण्यावर फुटते. जागतिक आरोग्य संघटनेच्या व्याख्येप्रमाणे २,५०० ग्रॅमपेक्षा कमी वजनाचे प्रत्येक नवजात बाळ याच नावाखाली येते. परंतु तेहतिसाव्या आठवड्यात जन्मलेल्या बाळाचे १,९०० ग्रॅम वजन त्याच्या दिवसांना साजेसे असते, तर एकोणचाळिसाव्या आठवड्यात जन्मलेल्या बाळाचे तेवढेच वजन त्याला गर्भाशयात पुरेसे पोषण मिळाले नसल्याची शंका उत्पन्न करते.

शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजून ३७ आठवडे पूर्ण होण्याआधी जन्मलेले बाळ अपुऱ्या दिवसांचे. याउलट, सारख्याच दिवसांच्या शंभर बाळांना वजनाच्या चढत्या क्रमाने मांडले असता जे पहिल्या दहांत येते, ते दिवसांच्या मानाने लहान ठरते. अर्थात त्यांतली काही बाळे आईवडिलांप्रमाणे मुळातच लहान चणीची आणि पूर्ण निरोगी असतात, हे विसरू नये.

अनुभवी परिचारिकेला हा फरक बाळाकडे पाहूनही बराचसा कळतो. अपुऱ्या दिवसांच्या बाळाची त्वचा पातळ व लालसर, कानाची पाळी मऊ आणि तळपाय जवळजवळ गुळगुळीत असतो. वाढ खुंटलेल्या पूर्ण दिवसांच्या बाळाच्या तळपायांवर मात्र रेषा उमटलेल्या असतात, पण त्याची कातडी सैल पडलेली असते आणि हडकुळ्या अंगावर डोके मोठे वाटते. पहिल्याची मुख्य अडचण अवयव तयार नसण्याची असते: फुप्फुसे कच्ची असतात आणि चोखणे, गिळणे व श्वास घेणे यांचा मेळ साधारण चौतिसाव्या आठवड्याच्या सुमारास बसू लागतो. (सातमाशी बाळ जगते आणि आठमाशी दगावते, ही समजूत म्हणूनच उलटी आहे, पोटात काढलेला प्रत्येक आठवडा फुप्फुसांच्या पथ्यावरच पडतो.) दुसऱ्याचे अवयव तयार असतात, परंतु अंगात चरबी-साखरेची साठवण नसल्याने त्याच्या रक्तातील साखर लवकर उतरते. ऊब आणि आईचे दूध मात्र दोघांनाही हवे.

आईच्या बाजूची कारणेही सर्वस्वी एक नाहीत. जंतुसंसर्ग, वेळेआधी पाणमोट फुटणे, गर्भाशयाचे तोंड आखूड असणे किंवा आधीची अकाली प्रसूती यांमुळे कळा लवकर येऊ शकतात. तेथे आईने किती पोळ्या खाल्ल्या याचा हिशोब फारसा कामाचा नसतो. वाढ खुंटण्यामागे मात्र वारेचा अपुरा रक्तपुरवठा, उच्च रक्तदाब, रक्तक्षय, आईचे कुपोषण आणि तंबाखू ही कारणे ठळक असतात, आणि आपल्याकडे तंबाखू म्हणताना मिसरी सोडून चालत नाही. पुण्याजवळच्या सहा गावांत डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या नेतृत्वाखाली १९९३ मध्ये सुरू झालेल्या अभ्यासात बाळाच्या आकारमानाचा संबंध आईने खाल्लेल्या एकूण उष्मांकांपेक्षा हिरव्या पालेभाज्या, फळे आणि दूध यांच्याशी अधिक दिसून आला. 'दोघांचे खा' या सल्ल्यात ताटात काय असावे हे सांगितलेले नसते, ही त्याची उणीव आहे.

दोन्ही गोष्टी वेगळ्या ओळखायच्या तर गर्भाचे वय नक्की ठाऊक हवे, आणि ते पहिल्या तीन महिन्यांतील सोनोग्राफीने सर्वांत अचूक कळते. विसाव्या आठवड्यानंतर पोटाची उंची (ओटीपोटाच्या खालच्या हाडापासून गर्भाशयाच्या वरच्या टोकापर्यंतचे अंतर) सेंटीमीटरमध्ये साधारण आठवड्यांच्या आकड्याइतकी भरते. ती मागे पडू लागली तर वाढीची शंका घेऊन सोनोग्राफी करतात, पण तारीखच चुकलेली असेल तर हे मापही फसवते.

कधी दोन्ही अवस्था एकाच बाळात एकत्र येतात. आईचा रक्तदाब चढलेला, वार निकामी होत चाललेली आणि बाळाची वाढ थांबलेली, अशा वेळी पोटात ठेवण्यापेक्षा बाहेर काढणे सुरक्षित ठरले तर डॉक्टर दिवस भरण्याआधीच प्रसूती करतात. चौतिसाव्या आठवड्याच्या आधी तसे करावे लागणार असेल, तर बाळाची फुप्फुसे लवकर पक्व व्हावीत म्हणून आईला आधी स्टेरॉइडची इंजेक्शने देतात.